लोकरीच्या टोपीला मायेचे अस्तर



दिवाळी सरते, गव्हाणीत पहिली मोळी पडते, कारखान्याचा भोंगा सुरू होतो, आणि त्याच्या मागोमाग थंडी आपल्या शिवारात उतरते. तापीकाठच्या शहादा-तळोद्याच्या सपाटीवर पहाटेचा वारा पाचटातून सळसळत आला की कानाच्या पाळ्या बधिर होतात. वर सातपुड्यात तर विचारूच नका. तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. डाब-मोलगीकडे कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दव गोठल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आणि आपला धंदा असा की ऊस तोडायचा तो याच दिवसांत, गाडी भरायची ती पहाटे, आणि शेतीपंपाची लाईट रात्रपाळीला आली तर बारे द्यायचे ते मध्यरात्री.

या पानावर आपण बेण्याविषयी, खोडव्याविषयी, पाचट कुजवण्याविषयी पुष्कळ बोललो. या वेळी विषय लहानसा घेतला आहे. घरी विणलेल्या लोकरीच्या टोपीला आतून मऊ अस्तर कसे लावावे, एवढाच. कुणी म्हणेल, हा काय सभासदांच्या अंकात लिहिण्याचा विषय? आम्हालाही आधी तसेच वाटले होते. एका पहाटे फडावर डोळे उघडले, म्हणून लिहितो आहोत.

टोप्या दिल्या, पण घातल्या कुणी?

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला आम्ही काही घरांनी मिळून तोडणी टोळीच्या मुलांसाठी लोकरीच्या टोप्या विणल्या. दुपारची कामे उरकली की ओट्यावर सुया घेऊन बसायचे, दोन-तीन दिवसांत एक टोपी. लाल, निळी, पिवळी, वर गोंडा. कोप्यांवर जाऊन त्या वाटल्या, मुलांच्या डोक्यांवर घातल्या, आणि मोठे काम केल्याच्या समाधानात घरी आलो.

पंधरा दिवसांनी पहाटे त्याच टोळीकडे जाणे झाले. शेकोटीभोवती मुले बसलेली, नाके वाहताहेत, कान लाल झालेले, आणि डोकी उघडी! टोप्या कुठे गेल्या म्हणून पाहिले, तर एक बैलगाडीच्या खुंट्याला लटकलेली, एकीत कांदे भरलेले, एक कोपीच्या दारात मातीत पडलेली. आम्हाला वाईट वाटले. खरे सांगायचे तर थोडा रागही आला.

तेवढ्यात एक लहानगे मूल दिसले. तेवढ्याच एका पोराच्या डोक्यावर टोपी होती, ती थेट भुवयांपर्यंत ओढलेली. त्याची आई साक्रीकडची. तिला विचारले तर ती हसून म्हणाली, "ताई, टोपी चांगली शे, पन ती चावस." टोपी चावते! तिने पोराची टोपी काढून आतली बाजू उलटून दाखवली. आत जुन्या लुगड्याचा तुकडा लावलेला होता. मोठाले टाके, दोरा वेगळ्याच रंगाचा, पण कापड असे मऊ की सायीवरून हात फिरवावा.

आम्ही रंग पाहिले, गोंडा पाहिला. टोपी ज्याच्या कपाळावर बसणार त्याला ती कशी लागेल, हे मात्र विचारले नाही. चूक आमची होती. ज्या बाईला आम्ही द्यायला गेलो होतो, तिनेच आम्हाला शिकवले. पुढे जे लिहिले आहे ते तिच्याकडून घेतलेले आणि मग घरी दहा टोप्या बिघडवून-सुधारून पक्के केलेले आहे.

लोकर का चावते?

धनगर बांधवांची घोंगडी आपल्या सर्वांच्या माहितीची. दख्खनी मेंढीची ती लोकर जाडीभरडी. घोंगडी पावसाला, थंडीला भारी, पण उघड्या अंगाला कुणी ती लपेटत नाही, सदऱ्यावरूनच घेतो. यामागचे कारण तंतूच्या जाडीत आहे. लोकरीचा तंतू साधारण ३० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या तिपटीपेक्षा जाड असला की त्याचे टोक त्वचेवर दाबले जाताना वाकत नाही, टाचणीसारखे टोचते. मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर याहून पातळ असते, म्हणून ती टोचत नाही. म्हणजे पोर टोपी फेकून देते ते काही हट्टाने नव्हे. त्याच्या कपाळाला खरोखरच टोचत असते. मोठा माणूस दात-ओठ खाऊन सहन करील, लेकरू का करील?

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हातविणीत फासा सैल असतो. त्या फाशांमध्ये हवा कोंडून राहते, तीच ऊब. पण वारा सुटला की तोच वारा फाशांतून आरपार जातो आणि कोंडलेली ऊब घेऊन जातो. उघड्या ट्रॉलीत बसलेल्याला टोपी घालूनही कान दुखतात ते यामुळे. आत कापडाचा एक पदर असला की वारा अडतो, ऊब राहते.

म्हणजे अस्तराने दोन कामे होतात. टोचणे थांबते आणि वारा अडतो. आणि टोचणे थांबल्यामुळे टोपी डोक्यावर राहते, हे तिसरे आणि सगळ्यांत मोठे काम. खुंटीवरची टोपी कुणालाच ऊब देत नाही.

आजीला हे ठाऊक होते

यात नवे काही नाही. बाळंतविड्यातली कुंची आठवून पहा. बाहेरून खण किंवा मखमल, कडेला जर, पण आतून मऊ सुती अस्तर असायचेच. टोपडे, झबले, दुपटे शिवायला आजी नवे कापड घेत नसे. स्वतःचे धुऊन धुऊन विरलेले लुगडे काढायची. त्यात माया होती तसे शहाणपणही होते. नव्या कापडाला खळ असते, ते कडक लागते. शंभर धुण्यांनी खळ निघून जाते, धागा सैल पडतो, कापड मवाळ होते. कापूस पिकवणाऱ्या खानदेशाला सुती कापडाचे गुण दुसऱ्याने काय सांगावेत? मधल्या काळात बाजारची टोपी आली आणि आपण अस्तर विसरलो, इतकेच.

कापड कोणते घ्यावे?

सर्वांत चांगला जुना सुती बनियन. ते विणीचे कापड असल्याने लोकरीबरोबर ताणते. पाठीचा भाग घ्यावा, काखेजवळचा विरलेला आणि घामाने पिवळा पडलेला भाग टाकावा. बनियन नसेल तर जुने लुगडे, धोतर किंवा मलमल. हे कापड मात्र ताणत नाही, म्हणून ते सरळ न कापता उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यात कापावे. उरेब कापलेले कापड थोडे ताण देते. कडाक्याच्या थंडीसाठी फ्लॅनेल उत्तम. नायलॉन, टेरिकॉटच्या साडीचे तुकडे घेऊ नयेत. ते घाम शोषत नाहीत आणि विस्तवाजवळ धोक्याचे असतात.

कापड कोणतेही असो, आधी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. टोपीला लावल्यानंतर आटले तर टोपी चुण्या पडून आखडते.

कृती

१. माप. कपाळावरून कानांच्या वरून डोक्याचा घेर घ्यावा. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा साधारण १४ इंच, वर्षाच्या मुलाचा १८ इंच, मोठ्या माणसाचा २२ इंचांच्या आसपास भरतो. मग टोपी उलटी करून खालच्या पट्टीच्या विणीपासून शेंड्यापर्यंतची उंची मोजावी. टोपी ताणून मोजू नये.

२. बेतणे. बनियनचे कापड घेराइतके रुंद घ्यावे, ताण घेराच्या दिशेने येईल असे. लुगड्याचे किंवा मलमलीचे असेल तर घेरापेक्षा एक इंच जास्त. उंची मोजल्यापेक्षा अर्धा इंच जास्त. आता तुकड्याची चौपदरी घडी घालून वरचा तिसरा हिस्सा पाकळीसारखा गोल कापावा. घडी उलगडली की ओळीने चार पाकळ्या दिसतील.

३. जोडणे. उभी शिवण घालून नळी करावी आणि पाकळ्यांच्या कडा एकमेकींना जोडून शेंडा बंद करावा. बारीक धावदोरा पुरे. झाली कापडाची टोपी तयार. ती आधी डोक्यावर घालून पहावी. ती घट्ट झाली तर पुढचे सगळे फुकट.

४. बसवणे. डोक्याच्या घेराएवढे पातेले पालथे ठेवावे. त्यावर लोकरीची टोपी उलटी करून चढवावी. तिच्यावर कापडाची टोपी अशी चढवावी की शिवणीची मायनी लोकरीकडे जाईल आणि गुळगुळीत बाजू बाहेर, म्हणजे उद्या डोक्याला लागेल. शिवण डोक्याकडे राहिली तर लोकरीऐवजी शिवण टोचते! पातेल्याची युक्ती का? तर शिवताना लोकर जेवढी ताणलेली असते तेवढीच पुढे ताणेल. टोपी मांडीवर ठेवून शिवली की हमखास घट्ट होते. आमच्या पहिल्या तीन टोप्या अशाच वाया गेल्या.

५. टाके. आधी शेंड्याला चार टाके घालून दोन्ही टोप्या एकत्र करून घ्याव्यात, म्हणजे अस्तर घसरत नाही. मग खालची कडा अर्धा इंच आत दुमडून पुढे, मागे आणि दोन्ही कानांवर टाचण्या लावाव्यात. कडा पट्टीच्या विणीच्या वरच थांबवावी. पट्टीचे काम डोक्याला धरून ठेवण्याचे, तिच्यावर कापड आले की तिचा ताण मरतो. कपाळाला पट्टीच टोचत असेल तर ती बाहेरून वर दुमडावी, म्हणजे कपाळाला अस्तर लागेल. टाके तिरके आणि सैल घ्यावेत, सुईत लोकरीचा फक्त आतला फासा घ्यावा, बाहेर टाका दिसता कामा नये. गाठ दोन पदरांच्या मध्ये दडवावी. शेवटी टाचण्या मोजून काढाव्यात. लावल्या चार, निघाल्या तीन, असे होऊ देऊ नये.

टोपी आधीच घट्ट असेल तर पूर्ण अस्तर लावू नये. चार बोटे रुंदीची कापडाची पट्टी कपाळ आणि कानांवरून आत फिरवावी. निम्मे काम तेवढ्याने होते. नवी टोपी विणताना मात्र अस्तराचा विचार करून सुईवर चार-सहा टाके जास्त घालावेत.

कुणाला कशी?

रात्री बारे देणाऱ्यासाठी कानटोपी चांगली, कानांवर अस्तर दुपदरी. पण एक लक्षात ठेवावे. कान जाड झाकले की ऐकू कमी येते. तळोद्याकडे उसात बिबट्याचा वावर असतो, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या धावत असतात. रस्ता ओलांडताना आणि फडात शिरताना कान उघडे करावेत, हातात बॅटरी ठेवावी. आणि मोटारसायकलवर हेल्मेटच घालावे. जाड टोपीवरून घातलेले हेल्मेट सैल बसते, ते वेळेला कामाचे नाही.

तोडणीवाल्याचे वेगळे. कोयता चालू झाला की अर्ध्या तासात घाम फुटतो. सुती कापड घाम शोषते खरे, पण भिजले की लवकर वाळत नाही, आणि ओले कापड डोक्याची ऊब ओढून घेते. म्हणून अंग तापले की टोपी काढून ठेवावी, विसाव्याला बसताना घालावी. अशा टोपीला अस्तर मोठ्या कच्च्या टाक्यांनीच लावावे, म्हणजे उसवून धुता येते आणि दुसरे लावता येते. साक्रीच्या त्या माउलीचे टाके मोठे का होते, ते आम्हाला असे उशिरा समजले.

लहान बाळांविषयी थोडे अधिक. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातूनच जाते असे आपण ऐकत आलो. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते खरे नाही, त्याचे डोके म्हणजे अंगाच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा हिस्सा. पण तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे, जवळजवळ पाचवा हिस्सा असते. त्यामुळे बाळाचे डोके उघडे राहिले तर ते झपाट्याने गार पडते. जन्मलेल्या बाळाला, विशेषतः कमी वजनाच्या बाळाला, आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरताना डोक्यावर टोपी घालतात ती यासाठीच. बाळाच्या टोपीला गळ्याभोवती लांब बंद, सुटे मणी, मोठा गोंडा लावू नये. घरात उबेत झोपवताना टोपी काढावी, ती घसरून तोंडावर येण्याची भीती असते.

आपल्या जिल्ह्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार आपल्या आदिवासी भागात आढळतो. यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. थंडी लागणे, पाणी कमी पिणे, अतिश्रम यांनी हे दुखणे उमळते. आता पहा, आपल्या फडावरच्या पोराची काय अवस्था? रात्री उघड्यावर, पहाटे गाडीवर, डोके उघडे. टोपीने हा आजार बरा होत नाही. पण थंडीपासून जपणे हा डॉक्टरांच्या सल्ल्याचाच भाग आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, २०४७ पर्यंत आजार हटवण्याचे उद्दिष्ट आहे. टोळीत कुणाचे हातपाय थंडीत वारंवार दुखत असतील तर अंगमेहनतीचे दुखणे समजून सोडून देऊ नये, सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे.

विस्तवाची काळजी

बाजारात लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते. ओळखायचे कसे? धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवून पहावा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटाने चुरते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा टणक मणी बनतो. ॲक्रिलिक वाईट असे नाही, स्वस्त आहे आणि धुवायला सोपे आहे. पण शेकोटीची ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटते. आतला सुती पदर थोडाबहुत बचाव करतो, तरी त्यावर विसंबू नये. चुलीपुढे वाकणाऱ्या बायकांनी आणि शेकोटीजवळच्या मुलांनी गोंड्याच्या, लोंबत्या टोप्या घालू नयेत.

धुणे आणि निगा

खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते. तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकून कापड गच्च होते, आणि मग आतले अस्तर पिशवीसारखे फुगते. म्हणून थंड किंवा कोमट पाण्यात, रिठ्याच्या फेसात दाबून-दाबून धुवावी. पिळू नये. पंचात गुंडाळून पाणी टिपावे आणि टोपी उलटी करून, अस्तर वर ठेवून, पालथ्या तांब्यावर सावलीत वाळवावी. अस्तर ओलसर राहिले तर कुबट वास येतो.

एकाची टोपी दुसऱ्याने घालू नये, उवा होतात. प्रत्येकाच्या टोपीच्या आत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका घालून ठेवावा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपला रंग ओळखू येतो.

एक विनंती

बंधू-भगिनींनो, आपला ऊस गव्हाणीत पोचतो तो दुसऱ्याच्या हातांनी. ती माणसे आपली पोरेबाळे घेऊन थंडीत आपल्या बांधावर राहतात. आपल्याच सातपुड्यातली कितीतरी कुटुंबे याच दिवसांत बार्डोली-सुरतकडे ऊसतोडीला गेलेली असतात. तिकडच्या बांधावर आपल्या जिल्ह्यातले लेकरू असेच कुडकुडत असेल. त्याच्या डोक्याला तिथे कुणी टोपी द्यावी असे वाटत असेल, तर इथल्या लेकरापासून सुरुवात करू या.

खर्च काही नाही. जुना बनियन घरात आहे, सुई-दोरा आहे, एका दुपारचे काम आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा भरते. यात्रेला जाण्याआधी घरटी दोन टोप्यांना अस्तर लागले पाहिजे, असे ठरवू या. एक आपल्या घरातल्या रात्रपाळीवाल्याची आणि एक बांधावरच्या पोराची.

आणि देताना एक करा. टोपी त्याच्या डोक्यावर घाला, थोडे थांबा, आणि विचारा, "चावते का रे?" आम्ही ते विचारायला विसरलो होतो.